प्रिंटर एक, घरातले कॉम्प्युटर तीन

हातातलं काम सुरू असेल तर राहू द्या, पण जवळ एक वही आणि पेन मात्र ठेवा. आज मी प्रिंटरबद्दल बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा कसला विषय? हे तर पोरांचं काम. मीही अगदी असंच म्हणायचे. मी बी.ए. झालेय, कॉम्प्युटरचा कोर्स काही केलेला नाही, आणि बरीच वर्षं बचत गटांचं काम करतेय. पण दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये जे झालं, त्यानंतर माझं मत बदललं. आधी ते सांगते.

आमच्या एका गटाची कर्जाची फाइल शुक्रवारी बँकेत द्यायची होती. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद, आणि सोमवारपासून साहेब रजेवर. ठराव, सभासदांची यादी, सहा महिन्यांचा हिशेब, सगळं तयार होतं. फक्त छापायचं राहिलं होतं. आमच्या सचिवताईंच्या घरी एक छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे. तो वायरनं जोडलेला आहे त्यांच्या मिस्टरांच्या कॉम्प्युटरला, आणि त्यावर विंडोज आहे. गटाचा हिशेब मात्र असतो मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर. त्यावर विंडोज फार संथ चालायचं, म्हणून कॉलेजातल्या भाच्यानं त्यात उबुंटू घालून दिलं होतं. उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, फुकट मिळतो आणि जुन्या यंत्रावरही बरा चालतो. भाच्यानं सगळं जोडून दिलं होतं, त्यामुळे लॅपटॉपवर बटण दाबलं की शेजारच्या खोलीतला प्रिंटर छापायचा.

त्या गुरुवारी रात्री मात्र छापेना. आम्ही पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. सहा वेळा दाबलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला, प्रिंटर बंद करून सुरू केला, शेवटी लॅपटॉपवरून प्रिंटरचं नावच काढून टाकलं. मग ते परत घालता येईना. भाच्याची परीक्षा, त्याचा फोन बंद. मग फाइल पेनड्राइव्हवर घेऊन थेट विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली, तर ठरावातल्या मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. सकाळी तालुक्याला सायबरवाल्याकडे गेलो, तिथेही तोच चिवडा. सगळं पुन्हा टाइप करेपर्यंत बँकेची वेळ संपली.

फाइल बारा दिवसांनी गेली. तेवढ्यात पाऊस आला, पेरणी आली, आणि गटातल्या एका ताईंनी खतासाठी बाहेरून आठ हजार रुपये उचलले, शेकडा पाचनं. म्हणजे महिन्याला चारशे रुपये व्याज. छापली न गेलेली पानं होती चौदा.

रविवारी भाचा आला. दहा मिनिटांत त्यानं प्रिंटर सुरू करून दिला. सचिवताईंनी विचारलं, "काय झालं होतं रे?" तो म्हणाला, "काही नाही मावशी, सेटिंग होतं."

मैत्रिणींनो, हे "काही नाही, सेटिंग होतं" मी माझ्या आयुष्यात खूप वेळा ऐकलंय. गॅसवाल्याकडून, टीव्हीवाल्याकडून, मोबाईलवाल्याकडून. त्या दिवशी आम्ही त्या पोराला जेवायला वाढलं आणि सांगितलं, आता उठायचं नाही. काय केलंस ते पहिल्यापासून सांग. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. पुढे दोन वर्षं आम्ही त्या वहीत भर घालत आलोय. आजचं बोलणं त्या वहीतलं आहे.

गिरणीसारखा विचार करा

प्रिंटर म्हणजे पिठाची गिरण समजा. आपण घरून डबा पाठवतो. डब्यावर चिठ्ठी असते, गहू, बारीक, पाच किलो. डबा रस्त्यानं गिरणीत पोचतो, तिथे नंबर लागतो, आणि नंबर आला की दळण होतं. आता पीठ आलं नाही, तर कारण कुठे असेल? एक, गिरणच बंद असेल. दोन, रस्ता अडला असेल. तीन, चिठ्ठी गिरणीवाल्याला वाचता आली नसेल. चार, नंबरात पुढे कुणाचं तरी ओलं धान्य अडकून बसलं असेल.

प्रिंटरचंही एवढंच आहे. गिरण म्हणजे प्रिंटर. रस्ता म्हणजे वायर किंवा वायफाय. चिठ्ठी म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर हा कॉम्प्युटरमधला एक छोटा प्रोग्राम, तो आपलं पान प्रिंटरला कळेल अशा भाषेत लिहून देतो. आणि डब्यांची रांग म्हणजे प्रिंटची क्यू. विंडोज आणि लिनक्स ही दोन वेगळी घरं आहेत. दोघांची चिठ्ठी लिहायची पद्धत वेगळी आणि दाराला कडी लावायची पद्धतही वेगळी. एकच प्रिंटर दोघांनी वापरायचा तर भांडण बहुतेक कडीवरून किंवा चिठ्ठीवरून होतं.

तेव्हा वहीत चार शब्द लिहा: यंत्र, रस्ता, चिठ्ठी, रांग. याच क्रमानं बघायचं. आम्ही त्या रात्री क्रम सोडला आणि हातात येईल ते उलटं-पालटं केलं. त्यातच रात्र गेली.

पहिलं: यंत्र

आधी प्रिंटरपाशी जा. दिवा लागलाय का, कागद आहे का, झाकण नीट बसलंय का? मग ज्या कॉम्प्युटरला तो वायरनं जोडलाय, त्याच कॉम्प्युटरवरून एक पान छापून बघा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या नावावर जाऊन "प्रिंट टेस्ट पेज" म्हटलं की एक नमुना पान येतं. ते आलं तर यंत्र शाबूत आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. ते आलं नाही, तर लॅपटॉपकडे बघूही नका, आधी इथलंच निस्तरा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रिंटर वायरनं एका कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर तो कॉम्प्युटर म्हणजे गिरणीचं दार. तो बंद असला किंवा झोपी गेलेला असला, तर बाकीच्या कुणाचंही दळण होणार नाही. कॉम्प्युटर काही वेळ वापरला नाही की आपोआप झोपतो. आमच्याकडे निम्म्या तक्रारी एवढ्याच निघाल्या. म्हणून छापायच्या दिवशी आधी मिस्टरांचा कॉम्प्युटर सुरू, मग लॅपटॉप.

दुसरं: रस्ता

आता त्या जूनमधला खरा दोष सांगते. दोन दिवस आधी घरात वायफायचं नवं यंत्र, म्हणजे राउटर, बसवला होता. विंडोजचा कॉम्प्युटर त्या नव्या वायफायला जोडला गेला. विंडोजचा स्वभाव असा की नवं वायफाय दिसलं की ते त्याला परकं समजतं. त्याच्या भाषेत "पब्लिक". म्हणजे बसस्टँडवर बसल्यासारखं, कुणाशी बोलायचं नाही, आपली पिशवी घट्ट धरायची. परक्या वायफायवर तो आपला प्रिंटर कुणाला दाखवत नाही. हे चांगलंच आहे, पण घरातला लॅपटॉपही त्याला परका झाला.

उपाय असा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट" असतं. तिथे आपल्या वायफायच्या "प्रॉपर्टीज" उघडायच्या. तिथे "पब्लिक" आणि "प्रायव्हेट" असे दोन पर्याय दिसतात. घरच्या वायफायला "प्रायव्हेट" करायचं. मग "अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज"मध्ये "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" सुरू आहे ना ते बघायचं. भाच्यानं दहा मिनिटांत केलं ते एवढंच. पण हे फक्त घरच्या वायफायला हं. लॉजवर, स्टँडवर, दुकानात "पब्लिक"च राहू द्या.

रस्त्याच्या बाबतीत अजून चार गोष्टी बघायच्या.

सगळी यंत्रं एकाच वायफायवर आहेत का? काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं, त्याला "गेस्ट" म्हणतात. त्यावरून इंटरनेट चालतं, पण घरातली इतर यंत्रं सहसा दिसत नाहीत. ओसरीवर बसलेल्याला चहा मिळतो, माजघर दिसत नाही, तसं.

प्रिंटर "शेअर" केलाय का? विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये "शेअरिंग" असतं, तिथे "शेअर धिस प्रिंटर"वर खूण करायची. खाली त्याला नाव द्यायचं असतं. नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. मोठं, तुकड्या-तुकड्याचं नाव लिनक्सच्या बाजूनं लिहिताना चुकतं.

तिसरी गोष्ट पासवर्डची. लिनक्सचा लॅपटॉप विंडोजचं दार ठोठावतो तेव्हा विंडोज विचारतं, कोण आहे? तेव्हा विंडोजवरचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो, लॅपटॉपचा नाही. आणि इथे खूप जणी अडकतात, कारण आपण विंडोज उघडतो चार आकडी पिननं. तो पिन फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून चालतो, वायफायवरून चालत नाही. आम्ही काय केलं, तर विंडोजवर एक वेगळं साधं खातं उघडलं, त्याला साधंसं नाव आणि नीट पासवर्ड दिला, आणि ते फक्त छपाईसाठी ठेवलं. मिस्टरांचा पासवर्ड मागायची वेळच आली नाही. लॅपटॉपच्या रांगेत प्रिंटसमोर "हेल्ड फॉर ऑथेंटिकेशन" असे शब्द दिसले, तर समजा की डबा दारात उभा आहे आणि पासवर्डची वाट बघतोय. कुणीतरी सांगेल की पासवर्ड विचारणंच बंद करून टाका, किंवा फायरवॉल बंद करा. नका करू. कडी लागत नाही म्हणून कुणी दार काढून ठेवत नाही.

चौथी गोष्ट पत्त्याची. वायफायवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता मिळतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. घरोघरी तो बहुतेक १९२.१६८ असा सुरू होतो. हे पत्ते राउटर वाटतो, आणि लाइट जाऊन आली की तो कधी कधी वेगळे वाटतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर डबे पाठवत राहतो. म्हणून काल चाललेलं आज चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये "अॅड्रेस रिझर्वेशन" असतं. तिथे त्या कॉम्प्युटरला किंवा वायफाय असलेल्या प्रिंटरला एक पत्ता कायमचा नेमून देता येतो. एकदा केलं की तो त्रास संपला.

तिसरं: चिठ्ठी

रस्ता मोकळा आहे, पण कागदावर भलतंच काहीतरी येतंय. चिन्हं, चौकोन, अर्धवट ओळी, एकेका ओळीची वीस पानं. अशा वेळी चिठ्ठी चुकली समजा, म्हणजे ड्रायव्हर.

आमचा मोठा गैरसमज असा होता की विंडोजवर ड्रायव्हर आहे म्हणजे झालं. तसं नाही. लॅपटॉप जेव्हा विंडोजच्या वाटेनं छापतो, तेव्हा चिठ्ठी लॅपटॉपवरच लिहिली जाते. विंडोज ती न वाचता पुढे सरकवतं. म्हणून लॅपटॉपवरही त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो, आणि प्रिंटर जोडताना मॉडेलचं नाव अगदी अचूक निवडावं लागतं. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी चिठ्ठी बदलते. काही स्वस्त लेझर प्रिंटर तर पानाची जुळणी सगळी कॉम्प्युटरवरच सोपवतात, स्वतः फक्त शाई उमटवतात. अशांना त्यांचा स्वतःचाच ड्रायव्हर लागतो, आणि काहींचा लिनक्ससाठीचा भाग कंपनीकडून वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

लिनक्समध्ये हे सगळं सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं नाव आहे कप्स. ती १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल स्वीट यांनी आणली, आणि २००२ पासून अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरमध्येही तीच आहे. त्यामुळे मुंबईहून नणंद मॅक घेऊन आली तरी घाबरू नका. लिनक्ससाठी जे शिकाल त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं. कप्सचं एक पान लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये उघडतं. जिथे वेबसाइटचं नाव लिहितो तिथे "लोकलहोस्ट" लिहायचं, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग ६३१. हे इंग्रजीत लिहायचं. इंटरनेट नसलं तरी हे पान उघडतं, कारण ते लॅपटॉपच्या आतच आहे. प्रिंटर, त्यांचे ड्रायव्हर आणि रांगा, सगळं तिथे दिसतं.

विंडोजचा प्रिंटर लॅपटॉपवर नव्यानं जोडताना "विंडोज प्रिंटर व्हाया सांबा" असा पर्याय निवडायचा. सांबा म्हणजे लिनक्सनं विंडोजशी बोलण्याची सोय. तिथे कॉम्प्युटरचं नाव किंवा पत्ता, मग तिरपी रेघ, मग प्रिंटरचं आपण ठेवलेलं छोटं नाव द्यायचं. कॉम्प्युटरच्या नावानं सापडला नाही तर आकडी पत्ता देऊन बघा. त्यानं पुष्कळदा काम होतं.

दोन्हीकडे विंडोज असेल तर वेगळी अडचण येते. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईच्या भागात सुरक्षेची एक मोठी फट सापडली, तिला प्रिंटनाइटमेअर असं नाव पडलं. त्यानंतर विंडोजनं नियम कडक केले. शेअर केलेल्या प्रिंटरचा नवा ड्रायव्हर घ्यायला आता कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याची, म्हणजे अॅडमिनची, परवानगी लागते. मुलांच्या साध्या खात्यावरून प्रिंटर जोडला जात नसेल, तर आधी मुख्य खात्यावरून प्रयत्न करा.

आता मराठी अक्षरांचा चिवडा. तो ड्रायव्हरमुळे नव्हता. हा फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. पडद्यावर बघा. पडद्यावर मराठी नीट दिसतंय आणि कागदावर बिघडतंय, तर आधी ड्रायव्हरकडे बघा. पडद्यावरच बिघडलेलं दिसतंय, तर दोष फॉन्टचा आहे, प्रिंटरला बोल लावू नका.

आमचा ठराव आधीच्या सचिवांनी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केला होता. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टायपिंग असंच चालायचं. आतून अक्षरं इंग्रजी, वरून मराठीचा मुखवटा. तो मुखवटा म्हणजे फॉन्ट. लॅपटॉपवर भाच्यानं तो फॉन्ट घातला होता, विंडोजवर आणि सायबरवाल्याकडे नव्हता. मुखवटा गेला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

यावर दोन उपाय. नवं काही टाइप करताना युनिकोडमध्येच करा. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. आणि दुसरा उपाय आजच्या बोलण्यातला सगळ्यात कामाचा. फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर आधी तिची पीडीएफ करा. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा फाइलच्या आतच शिवला जातो. मग विंडोज असो, लिनक्स असो की मोबाईल, अक्षर तेच, ओळी त्याच, पानाचा शेवटही तिथेच. साधी फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, आणि सह्यांची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. लिनक्सवर जे लिबर ऑफिस असतं त्यात "एक्सपोर्ट अॅज पीडीएफ" असतं, आणि वर्डमध्ये "सेव्ह अॅज" करताना पीडीएफ निवडता येतं. त्या गुरुवारी हे एवढं माहीत असतं, तर पेनड्राइव्हनं पाच मिनिटांत चौदा पानं निघाली असती.

चिठ्ठीतलाच अजून एक घोळ कागदाच्या मापाचा. आपल्याकडे कागद असतो ए-फोर, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब. पण कॉम्प्युटरवर कधी कधी अमेरिकेचं माप निवडलेलं असतं. त्याला "लेटर" म्हणतात, ते ए-फोरपेक्षा थोडं रुंद आणि आखूड. मग काही प्रिंटर दिवा लुकलुकवत बसून राहतात, कारण त्यांना सांगितलेला कागद त्यांना दिसत नाही. आपल्याला वाटतं बिघडला. प्रिंटरच्या सेटिंगमध्येही आणि फाइलच्या पेज सेटअपमध्येही ए-फोर करा.

चौथं: रांग

बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर पुन्हा दाबू नका. पहिला डबा रांगेत अडकलेला असतो, आपण त्यामागे अजून पाच लावतो. दोष निघाला की सगळे एकदम दळले जातात. त्या रविवारी आमचा ठराव सहा वेळा छापून आला, तोही काम संपल्यावर.

विंडोजमध्ये प्रिंटरच्या नावावर जाऊन रांग उघडा आणि अडकलेलं काम "कॅन्सल" करा. "यूज प्रिंटर ऑफलाइन"वर खूण असेल तर काढा. तरीही काम निघत नसेल, तर "सर्व्हिसेस"मध्ये "प्रिंट स्पूलर" नावाचा रांगेचा कारभारी असतो. त्याच्यावर जाऊन "रिस्टार्ट" करा.

लिनक्सची खोड वेगळी. एकदा छपाई फसली की तो ती रांगच थांबवून ठेवतो, "पॉज्ड" म्हणतो. मग तुम्ही रस्ता दुरुस्त केला, चिठ्ठी दुरुस्त केली, तरी छापत नाही. आपल्याला वाटतं दुरुस्ती चुकली. दुरुस्ती बरोबर असते, फक्त रांग सुरू करायची राहिलेली असते. त्या ६३१ च्या पानावर प्रिंटर निवडून "रिझ्यूम प्रिंटर" म्हणायचं.

आणि मोबाईल?

बऱ्याच जणी विचारतात, मोबाईलवरून का छापता येत नाही? विंडोजला वायरनं जोडलेला आणि विंडोजच्या पद्धतीनं शेअर केलेला प्रिंटर अँड्रॉइड मोबाईलला सहसा दिसत नाही. मोबाईल वायफायवर थेट बोलणारा प्रिंटर शोधतो. तेव्हा मोबाईलवरची पीडीएफ कॉम्प्युटरवर पाठवून तिथून छापणं हाच साधा मार्ग.

पण उद्या गटानं नवा प्रिंटर घ्यायचं ठरवलं, तर दुकानात एक प्रश्न नक्की विचारा. यात वायफाय आहे का, आणि एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का? एअरप्रिंट अॅपलनं २०१० मध्ये आणलं, आणि मोप्रिया ही प्रिंटर कंपन्यांनी २०१३ मध्ये मिळून सुरू केलेली संस्था. यांची खूण असलेला प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय मोबाईलशी बोलू शकतो, आणि नव्या लिनक्सला आणि मॅकलाही बहुतेक आपोआप सापडतो. मग मध्ये मिस्टरांचा कॉम्प्युटर सुरू ठेवायची गरज नाही.

हे सगळं आपण का शिकायचं

तालुक्याला जाऊन छापून आणता येतंच की, असं तुम्ही म्हणाल. येतं. पण त्या सकाळी सायबरवाल्याच्या पडद्यावर मी काय पाहिलं ते सांगते. लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जातीचे दाखले, सगळं उघड्यावर पडलेलं. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, गर्दीत त्याला पुसायला वेळ नव्हता एवढंच. आमच्याही दहा जणींचे आधार क्रमांक त्यात किती वेळा राहिले असतील, देव जाणे. आता सभासदांची कागदपत्रं आम्ही घरीच छापतो. बाहेर छापावं लागलंच, तर समोर उभं राहून फाइल पुसायला लावतो, त्याच्या व्हॉट्सअॅपवरूनसुद्धा. आणि चालण्यासारखं असेल तिथे मास्क्ड आधार देतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

शेवटी आमचे तीन नियम सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर एक पान छापून बघायचं. प्रिंटर काढून टाकून नव्यानं घालणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही. आणि जे केलं ते वहीत तारखेसकट लिहायचं. गटाच्या पंचसूत्रीत नियमित हिशेब लिहिणं आहेच, त्याच्या शेजारी ही वही ठेवायची.

मागच्या पावसाळ्यात लाइट जाऊन आली आणि छपाई पुन्हा थांबली. मी दुसऱ्या गावी बैठकीत होते, भाचा पुण्यात. सचिवताईंनी मला फोन केला तो छापून झाल्यावर. म्हणाल्या, "पत्ता बदलला होता. वहीत बघून नवा घातला." आणि त्या वेळी वही वाचून दाखवत होत्या, खतासाठी शेकडा पाचनं पैसे उचललेल्या आमच्या ताई.

तुमच्याही घरी असं काही अडलं असेल, तर पुढच्या बैठकीत ते चार शब्द फळ्यावर लिहा. यंत्र, रस्ता, चिठ्ठी, रांग. आणि कुणी म्हणालं "काही नाही, सेटिंग होतं", तर त्याला बसवून घ्या, चहा द्या आणि विचारा, कुठलं सेटिंग?